घंटेच्या मागे पडलेला चेंडू

मी एक जुना लाकडी घोडा आहे, आणि मला मुले आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटायला नको. मित्रांनो, तुम्ही देवास गेटमागच्या या गुदामात लपाछपी खेळायला येता, माझ्या पाठीवर चढता आणि माझा उरलेला एकुलता कान धरून उड्या मारता. मी गप्प राहतो, कारण लाकडाने गप्पच राहायचे असते. पण आज तुमच्यातल्या एकाने दुसऱ्याला विचारले की, याला ठेवलाय कशाला, होळीत का नाही टाकत? तेव्हा मनात आले, होळी काही फार लांब नाही, आपली हकिगत एकदा सांगून टाकावी.

माझा जन्म उज्जैनचाच. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी राजेरजवाड्यांची राज्ये मोडली आणि मध्यभारत नावाचे नवे राज्य झाले. त्याच सुमारास गोपाळ नावाच्या माणसाने एका सुताराकडून जत्रेसाठी चकरी करवून घेतली. मध्ये एक जाड खांब, त्याला चहूकडून दांडे, आणि दांड्यांच्या टोकांना आम्ही जनावरे. सिंह सुताराने कधी पाहिला नसावा, कारण आमचा सिंह मांजरासारखा दिसत असे. मला मात्र त्याने मन लावून कोरले. आंब्याचे लाकूड, ताणलेली मान, वर उचललेला पुढचा पाय. माझ्या खोगिरावर दरबारचे निशाण रंगवायचे ठरले होते, पण रंग कालवून होईपर्यंत दरबारच उरला नाही. गोपाळ हिशेबी माणूस. त्याने आणखी एक हिरव्या रंगाचा डबा आणला आणि माझ्या पाठीवर तिरंगी पट्टे ओढले. लोकांना ते फार आवडले. त्या वर्षी कार्तिकाच्या जत्रेत क्षिप्रेच्या काठी जो तो माझ्याच पाठीवर बसायला धडपडत होता.

कौतुक असे की मला मिठाईवाल्यांनी हार घातले. आणि त्याच दिवशी एका पोराने खिळ्याने माझा डावा डोळा कोरून काढला. तुम्ही मुले अशीच असता. माझ्या बरगड्यांत टाचा मारता, शेपटीचे केस उपटून नेता, आणि पोटात ढवळले की माझ्याच मानेवर ओकता. मोठी माणसे हसून म्हणतात, लेकरू आहे. मी लाकडाचा, म्हणून माझे कोण ऐकणार.

चकरी गोपाळचा गडी बापू आणि त्याचा एक जोडीदार मिळून ढकलत. दांड्याला छाती लावून ते पळत सुटत आणि आम्ही फिरू लागत असू. तुम्हाला वाटेल, गोल गोल फिरण्यात शिकण्यासारखे काय आहे. मी तेवढेच केले, म्हणून तेवढेच मला नीट कळते. ऐका. मी कुठे आहे, ते माझे स्थान. ते ज्या झपाट्याने आणि ज्या दिशेने बदलते, तो माझा वेग. माझे नाक जिकडे, तिकडे माझा वेग. आता बापू अगदी एकसारखा पळाला, तरी माझे नाक सारखे वळतच असते, म्हणजे वेग सारखा बदलतच असतो. तो बदलण्याचे काम मधला खांब करतो. तो मला क्षणभरही न सोडता आपल्याकडे ओढून धरतो. वेगातल्या या बदलाला पुस्तकात त्वरण म्हणतात. मुले किंचाळत असत की कोणीतरी आम्हाला बाहेर फेकते आहे. कोणी फेकत नसे. तुम्ही सरळ निघालेले असता आणि मी वळतो, एवढेच. ज्याचा हात सुटे, ते पोर माझे नाक त्या क्षणी जिकडे असेल तिकडे सरळ जाई आणि तोंडावर आपटे. हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि दर वेळी मला बरे वाटले आहे.

गोपाळची खरी कमाई मात्र घंटेवर होती. चकरीच्या बाहेर बांबूला त्याने एक पितळी घंटा टांगली होती. माझ्या पाठीवर बसणाऱ्याला चिंध्यांचा एक चेंडू मिळे. फिरता फिरता तो घंटेला मारायचा. घंटा वाजली तर भिंतीवरचे घड्याळ बक्षीस. ते घड्याळ दर जत्रेला येई आणि दर जत्रेनंतर गोपाळच्या घरी परत जाई. पहिलवान आले, पोलीस आले, गोट्या खेळण्यात नाव काढलेले तरुण आले. सगळे घंटेसमोर येताच घंटेवर नेम धरून मारत, आणि सगळ्यांचे चेंडू, मी धावतो त्या दिशेने, घंटेच्या पुढून निघून जात. कारण चेंडूला त्यांनी दिलेला वेग होताच, पण मी दिलेलाही होता. हातातून सुटला तरी तो माझा वेग विसरत नसे. हे गोपाळलाही ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की चेंडू गोळा करायची ताडपत्री घंटेच्या पुढच्या बाजूला अंथरायची. मागच्या बाजूला, मी जिकडून येतो तिकडे, एक जिलबीवाला निर्धास्त कढई लावून बसत असे.

आता विनोदिनीची गोष्ट. तिच्यासाठीच मी एवढे बोलतो आहे.

ते मध्यभारत संपले ते वर्ष. नोव्हेंबर उजाडला आणि ज्या राज्याबरोबर माझा जन्म झाला होता, ते नव्या मध्यप्रदेशात विरघळून गेले. राजधानी भोपाळ ठरली. कचेऱ्यांतली कपाटे ट्रकांवर चढली आणि त्यांच्यामागे कारकुनांची बिऱ्हाडे निघाली. विनोदिनीचे वडील श्रीनाथराव अशाच एका कचेरीत होते. त्यांनाही भोपाळचा हुकूम आला होता. विनोदिनी कॉलेजात सायन्सला होती. तिची मावशी मंगला इथेच उज्जैनला फ्रीगंजमध्ये राहत असे, आणि मुलीला माझ्याकडे ठेवा, शिकू दे, असे तिने सांगून ठेवले होते. पण त्या घरात शेवटचा शब्द श्रीनाथरावांचे थोरले भाऊ तात्या यांचा. खांडव्याचे एक स्थळ त्यांच्या मनात भरले होते. भोपाळला जाण्याआधी माघात लग्न उरकायचे, असे ते म्हणत होते. मावशीकडे राहायचे की खांडव्याला जायचे, हे अजून ठरले नव्हते, आणि त्या दिवसांत विनोदिनीला दुसरे काहीच सुचत नव्हते.

तात्या कसे होते तेही सांगतो. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दरबारची कारकुनी केली होती. दरबार गेला, मान गेला, पण तात्यांची पगडी आणि जीभ दोन्ही शाबूत राहिली. त्यांना थट्टा करायला आवडे, आणि थट्टा चारचौघांत केल्याशिवाय त्यांना गोड लागत नसे. मला ते पाहताक्षणी आपलेसे वाटले. माझाही स्वभाव तसाच आहे.

त्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे कुटुंब जत्रेत आले. विनोदिनी आधी धाकट्या चुलतभावाला पुढ्यात घेऊन माझ्यावर बसली. तिच्या हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा होता. मी भरवेगात आलो की ती एक शेंग हातातून नुसती सोडून देई आणि ती कुठे पडते ते मान वळवून पाही. उतरल्यावर तिची आई सुनंदाबाई रागावल्या की खाण्याच्या वस्तूची अशी नासाडी करतात का. विनोदिनी हसली. शेंग सोडल्या जागी पडत नाही, पुढे जाऊन पडते, हे तिने पाहून घेतले होते. शेंगेला खाली यायला दर वेळी तेवढाच वेळ लागतो, पण त्या वेळात ती पुढे किती जाईल ते माझ्या वेगावर असते. खाली येणे वेगळे आणि पुढे जाणे वेगळे, आणि दोन्ही एकाच वेळी होतात. पोरगी हुशार होती. माझ्या पाठीवर बसून इतक्या शांतपणे विचार केलेला दुसरा माणूस मला आठवत नाही.

मग तात्या माझ्यावर बसले. पगडी सावरत त्यांनी चेंडू मारला, तो सगळ्यांसारखाच घंटेच्या पुढून जाऊन ताडपत्रीवर पडला. लोक हसले. तात्यांना हसवण्याची सवय होती, स्वतःचे हसू करून घेण्याची नव्हती. ते उतरत होते, तेवढ्यात विनोदिनी सहज बोलून गेली.

"तात्या, तुम्ही सरळ घंटेवरच निशाणा लावला न, म्हणून गेंद पुढे गेली. घोड्याचा वेग पण असतो न तिला. समोर यायच्या आधीच फेकायला पाहिजे."

तिला वाटले, आपण शिकलेले सांगतो आहोत. तात्यांना वाटले, पोर चारचौघांत आपली अक्कल काढते आहे. ते गोड हसले. त्या हसण्याचा अर्थ घरच्यांना ठाऊक होता, म्हणून श्रीनाथराव जिलबीच्या दुकानाकडे बघू लागले.

"असं का? मग तूच मार न," तात्या म्हणाले. "लागली तर राहा मंगलाकडे, कर तुझं कॉलेज. नाही लागली तर कॉलेजचं नाव पुन्हा घरात निघणार नाही. काय श्रीनाथ, मंजूर?"

श्रीनाथरावांनी चष्मा काढून पुसला आणि तुम्ही म्हणाल तसं, असे म्हणाले. भोवती गर्दी जमली. एका मुलीचे शिक्षण चिंध्यांच्या चेंडूवर लागले आहे, हे कळल्यावर तर आणखी जमली. जत्रेत लोकांना असले काही फुकट बघायला मिळाले की हवेच असते.

विनोदिनी घाबरली नाही. तिने चकरीभोवती एक फेरी मारली आणि घंटेच्या अलीकडचा कंदिलाचा खांब मनात पक्का केला. मी पूर्ण वेगात असताना त्या खांबाशी चेंडू सोडायचा, म्हणजे घंटेवर बरोबर पोचेल, असा तिचा हिशेब होता. मी सांगतो, तो हिशेब बिनचूक होता. माझ्या उभ्या आयुष्यात घंटा वाजवू शकेल असा तो पहिलाच हात होता. मला मुले आवडत नाहीत, पण त्या दिवशी मला ती घंटा ऐकायची होती.

ती चढली. बापू पळू लागला. आणि इकडे सुनंदाबाई पदर सावरत गोपाळजवळ गेल्या. दिरासमोर त्यांनी कधी तोंड उघडले नव्हते. आताही त्यांनी ते गोपाळसमोरच उघडले, आणि तेही हळूच.

"भैया, वो फेंकेगी न, तब ज़रा धीरे कर देना. मेरी बच्ची है."

आईची माया ती. घोडा हळू झाला की नेम धरायला सोपे जाईल, असे त्यांना वाटले. गोपाळलाही तसेच वाटले. तो काही दगड नव्हता, त्यालाही मुली होत्या. त्याने मान डोलावली आणि बापूकडे पाहून हाताने खूण केली.

मी भरवेगात होतो. विनोदिनीने हात मागे घेतला. कंदिलाचा खांब जवळ आला, आणि तेवढ्यात बापूने आणि त्याच्या जोडीदाराने टाचा मातीत रोवून दांडे मागे खेचले. मला झटका बसला. वेग एकदम उतरला. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. तिलाही तो झटका कळला, तिच्या गुडघ्यांनी माझ्या बरगड्या दाबल्या, पण हात निघून गेला होता. चेंडू सुटला. पुढे न्यायला मी त्याला जेवढा वेग द्यायला हवा होता तेवढा माझ्याकडे उरला नव्हता. तो घंटेपर्यंत पुढे गेलाच नाही. तो घंटेच्या मागून गेला आणि जिलबीवाल्याच्या पाकात पडला.

लोक असे हसले की काही जण पोट धरून खाली बसले. तात्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आले. जिलबीवाला तेवढा गोंधळला होता. "इतने साल में इधर कभी गेंद नहीं आई," असे तो पाकातून चेंडू काढत पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे म्हणणे नीट ऐकणारी त्या गर्दीत एकच होती.

"चकरी हळू झाली होती," विनोदिनी उतरून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सगळ्यांची गेंद पुढे पडते, माझी मागे पडली. हळू झाल्याशिवाय मागे पडणार नाही."

"म्हणजे तुझा निशाणा सगळ्यांहून खराब," तात्या म्हणाले, आणि गर्दी पुन्हा हसली. मग न्याय केल्यासारखे दाखवायला त्यांनी गोपाळला विचारले की, का हो, हळू केली होती का?

गोपाळने सुनंदाबाईंकडे पाहिले. त्या बोलल्या असत्या तर तोही बोलला असता. सुनंदाबाईंनी दिराच्या पगडीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"हमारी चकरी तो एक-सी चलती है, साब," गोपाळ म्हणाला.

तिथे ते संपले. माघात विनोदिनीचे लग्न झाले आणि ती खांडव्याला गेली. तिची पुस्तके श्रीनाथरावांनी भोपाळला जाताना कोणाला तरी देऊन टाकली. हे सगळे मला पुढच्या जत्रेत कळले, कारण मंगलामावशी शेजारणीला सांगत माझ्यासमोरच उभी होती. तात्या मात्र त्यानंतरही दर वर्षी येत आणि जिलबीवाल्याच्या कढईकडे बोट दाखवून नव्या पाहुण्यांना तो किस्सा ऐकवत. लोक दर वर्षी तितकेच हसत. मला एकदा तरी ते माझ्यावरून पडावेत असे फार वाटे, पण ते पुन्हा माझ्यावर बसले नाहीत.

काही वर्षे गेली. माझा रंग उडाला, तिरंगी पट्ट्यांतला एकच ओळखू येई. पलीकडे इंजिनावर चालणारा उंच पाळणा आला आणि लोक तिकडे वळले. घंटेची दोरी कुजून तुटली, ती गोपाळने पुन्हा बांधली नाही. अशाच एका कार्तिकात, गर्दी नसलेल्या दुपारी, विनोदिनी आली. बरोबर सुनंदाबाई होत्या आणि तिची लहान लेक मीरा होती. मीराने मला पाहिले आणि घोडा, घोडा करत ती माझ्या पायाला बिलगली. विनोदिनी घंटेच्या मोकळ्या बांबूकडे बघत राहिली.

तात्या तोवर वारले होते. म्हणून असेल, किंवा वयाने असेल, सुनंदाबाईंना त्या दुपारी मन मोकळे करावेसे वाटले. लेकीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुला कधी सांगितलं नाही मी. त्या दिवशी मीच या चकरीवाल्याला सांगितलं होतं ग, फेकताना हळू कर म्हणून. तेवढं करूनही लागली नाही. नशीबच नव्हतं तुझं."

विनोदिनीने हात काढून घेतला नाही. ती कंदिलाच्या खांबाच्या जागेकडे बघत होती. तिथे आता खांब नव्हता. मग शेंग कुठे पडते ते सांगावे तितक्या साध्या आवाजात ती बोलली.

"आई, हळू केली म्हणूनच नाही लागली."

सुनंदाबाईंना ते एकदम कळले नाही. विनोदिनीने त्यांना सगळे समजावून दिले. खांब कुठे होता, घोडा किती जोरात होता, चेंडू पुढे किती जायचा होता आणि तो मागे का पडला. तिने एकही कठोर शब्द वापरला नाही. तिने जराही कमी सांगितले नाही. मी पुष्कळ दुष्टपणा पाहिला आहे, थोडाफार केलाही आहे, पण ते समजावणे ऐकवत नव्हते. सुनंदाबाई चकरीच्या कडेला मातीतच बसल्या.

"मग तेव्हा का नाही बोललीस तू?" त्यांनी विचारले.

"बोलले होते," विनोदिनी म्हणाली. "तू मान खाली घातली होतीस."

मीराला या कशाचा पत्ता नव्हता. ती माझ्यावर चढून बसली होती आणि तिने माझा कान घट्ट धरला होता. गोपाळ आता म्हातारा झाला होता. त्याने या दोघींना ओळखले की नाही, मला सांगता येत नाही. त्याने सवयीने आयांकडे पाहिले आणि विचारले की बच्ची लहान आहे, धीरे चलाऊँ?

सुनंदाबाईंनी लेकीकडे पाहिले.

"उसी से पूछो, भैया," विनोदिनी म्हणाली.

इतक्या वर्षांत गोपाळने कधी मुलांना विचारले नव्हते. तो जरा घुटमळला, मग वाकून म्हणाला, "बोल बिटिया, धीरे या ज़ोर से?"

मीराने विचार केला. मी मनातून जोरात म्हण, जोरात म्हण, असे घोकत होतो. मला एकदा शेवटचे धावायचे होते, आणि तिच्या आईला ते बघायला मिळावे असेही वाटत होते.

"हळू," मीरा म्हणाली.

मग बापू हळू चालला आणि मी हळू फिरलो. मला राग आला नाही, याचेच मला नवल वाटले. मधला खांब मला ओढत होता, अगदी अलगद, आणि माझ्या पाठीवरचे पोर गाणे म्हणत होते. विनोदिनी आईशेजारी मातीत जाऊन बसली. दोघी एकमेकींकडे न बघता मीराकडे बघत होत्या, आणि दर फेरीला मी त्यांच्या समोरून जात होतो. त्या रडत होत्या की नाही, ते माझ्या एका डोळ्याला नीट दिसले नाही.

मित्रांनो, असल्या हकिगतीच्या शेवटी जुन्या वस्तूने आपली निगा राखायला सांगायची असते. माझी नाही राखली तरी चालेल. होळीत टाकलेत तर बरेच होईल, आंब्याचे लाकूड आहे, छान पेटेल. पण तुमच्या मायेचे कोणी माणूस भरवेगात निघाले असेल, आणि तुम्हाला काळजीपोटी त्याचा वेग कमी करावासा वाटला, तर त्याच्या पाठीमागे दांडा खेचू नका. आधी त्याला विचारा. ते हळू म्हणाले तर हळू करा.

आणि आता उतरा. तो कानही सोडा. मीराने धरला होता तो हाच.